निळ्या झाकणाची नळी आणि एक वही

माझ्या भावजयीच्या पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक शंभर पानी वही कायम असते. तिनेच पट्टीने आखलेले चार रकाने त्यात आहेत: तारीख, आकडा, गोळी, सही. तारखा महिन्या-महिन्याच्या अंतराने पडल्या आहेत, कधी आठवड्याच्या. आकडे १.६, २.८, ३.१ असे. एका पानावर मात्र ६.४ आहे आणि त्याभोवती कुणीतरी लाल पेनने गोल केला आहे. गोळीच्या रकान्यात ‘दोन’, ‘दोन-तीन एकाआड एक’, ‘आज बंद, उद्या दीड’ अशा नोंदी. सव्विसाव्या वर्षी मुंबईला जाऊन ती हृदयाची झडप बदलून आली. तेव्हापासूनची ही तिसरी वही. रात्री घर निवांत झालं की तिच्या शेजारी बसलेल्याला ती झडप ऐकू येते, मनगटावरच्या घड्याळासारखा बारीक टकटक आवाज. पुतणी लहान असताना त्या आवाजावर झोपी जायची.

एकदा मी त्या वहीतली हस्ताक्षरं मोजली. नऊ निघाली. डॉक्टरांचं एक, तेही दर पानावर नाही. बाकीची रक्त घेणाऱ्या ब्रदरांची, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांची, औषध देणाऱ्या फार्मासिस्टची, ओपीडीतल्या सिस्टरांची, आमच्या आशाताईंची. आणि दोन ठिकाणी शाळकरी वळणाचं पुतणीचं. वहिनी जिवंत आहे ती या नऊ हातांमुळे. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. पुढची पानं वाचल्यावर तुम्हालाही ते पटेल असं मला वाटतं.

हे पुस्तक त्या हातांबद्दल आहे. मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत ‘अँटिकोॲग्युलेशन क्लिनिक’ किंवा साध्या शब्दांत ‘आयएनआर ओपीडी’ अशी पाटी असते. रक्तात गुठळी झालेले, होण्याची भीती असलेले, कृत्रिम झडप बसवलेले, हृदयाचे ठोके बेताल पडणारे असे सगळे रुग्ण तिथे ठरलेल्या दिवशी येतात. रक्त देतात, आकडा कळतो, गोळी कमी-जास्त होते, पुढची तारीख मिळते. बाहेरून बघणाऱ्याला यात काही विशेष दिसत नाही. ऑपरेशन थिएटरचा लाल दिवा नाही, धावपळ नाही. बाकावर बसलेली माणसं आणि रजिस्टरवर वाकलेली एक सिस्टर, एवढंच. या संथ ओपीडीत पक्षाघात टळतात, मृत्यू टळतात, आणि टळलेली गोष्ट कुणाला दिसत नाही. म्हणून त्या लोकांबद्दल कुणी लिहीतही नाही.

मी लिहितोय पाचोडहून. पैठण तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरचं हे गाव. मोसंबीच्या बाजारासाठी लांबलांबचे व्यापारी इथे येतात. छत्रपती संभाजीनगर इथून सुमारे ५० किलोमीटर. आजारी माणसाला ‘घाटी’ला न्यायचं की खासगीत, हा प्रश्न इथल्या प्रत्येक घराने कधी ना कधी सोडवला आहे. घाटी म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, १९५६ पासूनचं. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीवर जगणाऱ्या माणसाला हे ५० किलोमीटर एकदा काटून भागत नाही. दर महिन्याला जाऊन-येऊन १०० होतात, आणि ते जन्मभर. या पुस्तकाचा सगळा विषय त्या अंतरात मावलेला आहे.

आधी गुठळीबद्दल थोडं. रक्ताला दोन उलटी कामं सांभाळावी लागतात. खुरपणी करताना विळा लागला तर काही मिनिटांत गोठायचं, आणि शिरांमधून वाहताना आयुष्यभर पातळ राहायचं. हा तोल बिघडण्याची तीन कारणं वैद्यकीय महाविद्यालयांत आजही जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने शिकवतात. पायातली गुठळी सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकते, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवलं. त्यांचं त्यावरचं गाजलेलं लेखन १८५६ चं. रक्त तुंबणं, रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणं, अशी ती तीन कारणं. आपल्याकडे बघा. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आजी, सिझर झालेली बाळंतीण, कर्करोगाचा रुग्ण, महामार्गावर दिवसरात्र गाडी हाकणारा ड्रायव्हर. एकाच पायाची पोटरी अचानक सुजते, दुखते, गरम लागते. घरचे म्हणतात वात आला, लचक भरली, आणि तेल लावून चोळायला बसतात. असा पाय चोळायचा नसतो. आधी दाखवायचा असतो. चोळल्याने गुठळी सुटून वर जाण्याचा धोका असतो, आणि मग अचानक धाप लागते, छातीत कळ येते. ही एक गोष्ट गावागावात पोहोचली तरी या पुस्तकाचा छपाईखर्च वसूल झाला असं मी धरेन.

वहिनीची गोष्ट मात्र पायापासून सुरू झाली नाही. लहानपणी घसा दुखून ताप येत असे, मग गुडघे, घोटे सुजत. घसा बसला, थंड खाल्लं असेल, म्हणून सोडून दिलं गेलं. घशातल्या एका जातीच्या जिवाणूशी लढताना शरीराची शक्ती चुकून स्वतःच्याच हृदयावर उलटते. या संधिवाताच्या तापात झडपा हळूहळू जाड होतात, चिकटतात. मुलगी वाढत राहते, झडप आक्रसत राहते. मग लग्न, पहिलं बाळंतपण, आणि त्या वाढलेल्या भाराखाली एक दिवस श्वास पुरत नाही. हा आजार मुख्यतः दाटीच्या घरांतला, उशिरा उपचार मिळणाऱ्यांचा. घसादुखीवर वेळेवर पेनिसिलिन आणि ताप येऊन गेलेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, एवढ्याने झडप वाचू शकते. शाळांमधून मुलं तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या आजाराचा समावेश आहे. तपासणीची गाडी शाळेत येते तेव्हा आपलं पोर घरी ठेवू नका.

झडप बदलायची वेळ आली तर ती परदेशी घ्यावी लागे आणि तिची किंमत सामान्य घराच्या आवाक्यात नसे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय झडप बनवायला घेतली. पहिले नमुने फसले, पुन्हा केले, पुन्हा फसले. चौथा टिकला. डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसली. आजवर एक लाखाहून अधिक माणसांच्या छातीत ती बसली आहे. मिश्रधातूची चौकट आणि तिच्यात कलणारी प्लास्टिकची चकती. दिवसाकाठी साधारण लाखभर वेळा उघडते, मिटते. पण शरीराच्या दृष्टीने ती परकी वस्तू. रक्त तिला चिकटायला बघतं. चकतीच्या कडेला गुठळी बसली तर झडप अडकते. गुठळी सुटून मेंदूत गेली तर अर्धं अंग जातं. म्हणून गोळी. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांतून होऊ शकतो, आणि त्यामुळे हजारो घरं वाचली आहेत. मात्र योजना माणसाला शस्त्रक्रियेपार नेते. पुढचा वीस-तीस वर्षांचा दरमहाचा प्रवास घरच्यांनी आणि त्या नऊ हातांनी करायचा असतो.

गोळीची जन्मकथा शेतकऱ्याला सांगण्यासारखी आहे. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडाच्या थंड भागात धडधाकट गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंगं कापली, खच्ची केलं की रक्त थांबेचना. गुरांनी खाल्लेल्या ‘स्वीट क्लोव्हर’ नावाच्या चाऱ्याला ओल लागून बुरशी आली होती. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, बुरसलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन, हिमवादळातून गाडी हाकत विद्यापीठात पोहोचला. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने काही वर्षं खपून चाऱ्यातलं ते द्रव्य वेगळं काढलं. त्याच्याच वंशातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरू लागले. आपल्याकडे जास्त चालते ती त्याची भावकीतली गोळी, ॲसेनोकुमारॉल. वहिनी ती ‘ॲसिट्रॉम’ म्हणून ओळखते. यकृत ‘के’ जीवनसत्त्व वापरून गोठण्याचे काही घटक तयार करतं, त्या कामात ही गोळी आडवी येते. ओला कडबा, बुरसलेली कुट्टी गुरांपुढे टाकू नये हे आपल्या आजोबांना माहीत होतं. त्या दूरच्या शेतकऱ्याने मेलेल्या जनावराचं रक्त फेकून न देता तपासायला नेलं, म्हणून आज माझ्या घरातलं माणूस चालतं-फिरतं आहे.

औषध आणि विष यांच्यातलं अंतर या गोळीत फार थोडं आहे. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. बरं, एकाला जी मात्रा पुरते ती दुसऱ्याला दुप्पट लागते. म्हणून रक्त तपासून मात्रा ठरवायची, आणि इथे निळ्या झाकणाची नळी येते. पुस्तकात एका तंत्रज्ञ भगिनीचं टिपण आहे. मी ते तीनदा वाचलं. नळीत आधीच थोडं सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव्य, असतं. एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त, असं मोजमाप. नळीवर रेघ असते, रक्त त्या रेघेपर्यंतच भरलं पाहिजे. शीर सापडत नाही, रुग्ण कण्हतोय, रांग वाढतेय, म्हणून नळी अर्धी भरून सोडली तर सायट्रेटचं प्रमाण वाढतं आणि आकडा खोटाच मोठा येतो. डॉक्टर त्या खोट्या आकड्यावर विश्वासून गोळी कमी करतात. झडपेवर गुठळी बसते. कुणी हलगर्जी केली असं कागदावर कुठेच दिसत नाही. ती भगिनी लिहिते की नळी रेघेखाली राहिली तर ती रुग्णाची माफी मागते आणि दुसऱ्या हातावर पुन्हा टोचते. एवढी काळजी घेणारं माणूस साखळीत असेल तरच पुढच्या डॉक्टरची विद्या कामाला येते.

पूर्वी या तपासणीचा निकाल प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळा यायचा, कारण रक्त गोठवायला वापरायचं द्रव्य जागोजागी वेगळ्या ताकदीचं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकात ‘आयएनआर’ हे समान माप आणलं. त्यामुळे मुंबईतला २.५ आणि पाचोडचा २.५ एकच झाला. निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो, पायातल्या गुठळीसाठी साधारण २ ते ३ मध्ये ठेवतात, धातूच्या झडपेला बहुधा त्याहून थोडा वर. नेमका किती हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

आता त्या लाल गोलातल्या ६.४ बद्दल. भाद्रपदात वहिनीला जुलाब लागले. कुणीतरी सांगितलं म्हणून तिने मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणून घेतल्या. जुलाबाची ती नेहमीची गोळी, घरोघरी माहीत असलेली. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर ती वाढवते, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. त्यातच गुडघा दुखला म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली आणि कमरेत दुखण्याची सुई घेऊन आली. वही घरी राहिली होती. तिला कुणी विचारलं नाही की बाई, रोजची काही गोळी चालू आहे का. दुसऱ्या दिवशी कमरेखाली वांग्याच्या रंगाचा डाग उमटला आणि दुपारपर्यंत तळहाताएवढ्याचा परातीएवढा झाला. नेमकी त्याच सकाळी ती महिन्याचं रक्त देऊन आली होती. रिपोर्ट संध्याकाळी न्यायचा, असं ठरलेलं. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने संध्याकाळची वाट पाहिली नाही. त्याने वहीवरच्या नंबरवर फोन केला आणि म्हणाला, “ताईंना आजची गोळी देऊ नका, आत्ता लगेच मोठ्या दवाखान्यात न्या, वाटेत पाय घसरू देऊ नका.” आठ दिवस ती रुग्णालयात होती. वाचली. त्या सुईची मला अजूनही चीड येते. पण खरं सांगायचं तर, विचारायला कुणी नसलेल्या व्यवस्थेची जास्त येते.

आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही. या रुग्णांना मांसात दिलेली सुई, डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, मनाने घेतलेली ॲस्पिरिन, काही अँटिबायोटिक्स, बुरशीच्या संसर्गावरच्या काही गोळ्या, सगळं विचारून घ्यावं लागतं. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन उलट दिशेने जातं, गोळीचा जोर मोडतं. हे सगळं एकट्या डॉक्टरच्या डोक्यात राहणं आणि दोन मिनिटांच्या भेटीत रुग्णापर्यंत जाणं अशक्य आहे. ते फार्मासिस्टचं काम, आणि आपल्या देशात फार्मासिस्टकडून ते अजून पुरतं कुणी करून घेतलेलं नाही. ‘मेडिकलवाला’ म्हणजे चिठ्ठी वाचून पाकीट देणारा, एवढीच त्याची आपण किंमत केली. ज्या रुग्णालयांत या क्लिनिकमध्ये फार्मासिस्टला टेबल आणि खुर्ची मिळाली, तिथे तो रुग्णाची सगळी पाकिटं टेबलावर ओतायला लावतो आणि एकेक उचलून विचारतो. या पुस्तकातला सगळ्यात मोठा भाग फार्मासिस्टच्या अनुभवांचा आहे. संपादकांनी तो कापला नाही, हे बरं केलं.

आहाराचंही तसंच. ‘पालेभाजी बंद’ असं सांगून मोकळं होणं सोपं असतं. हिवाळ्यात आमच्याकडे मेथी, हरभऱ्याची कोवळी भाजी, करडई, शेपू, चुका यांनी परडी भरते. गरिबाच्या ताटातलं हेच तर लोह आणि हेच जीवनसत्त्व. ते तोडून कसं चालेल? आमच्या सिस्टर वहिनीला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, “भाजी खा माय, पण रोज सारखी खा. एक दिवस टोपलंभर आन् मग आठ दिवस काहीच नाही, असं नको.” पालेभाजीतलं ‘के’ जीवनसत्त्व एकदम वाढलं की आकडा उतरतो, श्रावणात किंवा नवरात्रात कडक उपवास धरले, खाणंच तुटलं, की चढतो. हे वेळापत्रक पुस्तकातून येत नाही. ते त्या गावचं पंचांग आणि बाजार माहीत असलेल्या माणसाकडून येतं. म्हणून या कामात सिस्टर आणि आशाताई यांना पर्याय नाही.

आशाताईंवरून पाचोडच्या जुन्या पुण्याईकडे वळतो. आशा हे पद २००५ नंतर आलं. त्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून, डॉ. अशोक दयालचंद यांनी इथे काम सुरू केलं आणि इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड या संस्थेचं नाव देशाबाहेर गेलं. डॉक्टर येण्याची वाट न बघता गावातल्या बायांना शिकवायचं, घरोघर जाऊन नोंद ठेवायची, नोंदीतून धोका ओळखायचा, ही त्या कामाची रीत. किशोरवयीन मुलींसाठी त्यांनी संध्याकाळचे जीवनकौशल्याचे वर्ग चालवले. १९९७ ते २००१ या काळात त्या भागातलं मुलींच्या लग्नाचं मध्यम वय १६ वरून १७ वर गेल्याचं मोजलं गेलं. एक वर्ष म्हणजे कमी वाटेल, पण सोळाव्या वर्षीच्या मुलीला ते एक वर्ष किती मोठं असतं हे आयांना विचारा.

गुठळीच्या पुस्तकात हे कशाला, असं कुणी विचारेल. झडप बदललेली मुलगी लग्नाची होते तेव्हा घरचे ते झाकून ठेवतात. छातीवरचा व्रण पदराआड जातो, गोळी माहेरच्या डब्यात राहते, सासरी गेल्यावर सगळ्यांसमोर रोज गोळी कशी खायची म्हणून ती बंद होते, आणि काही आठवड्यांत झडप अडकते. दिवस राहिले तर आणखी गुंता. पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी गर्भाला अपाय करू शकते, म्हणून अनेकदा हेपॅरिनच्या इंजेक्शनवर न्यावं लागतं, पुन्हा गोळीवर आणावं लागतं, बाळंतपणाच्या तोंडाशी पुन्हा बदलावं लागतं. हृदयाचे डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि घरची सासू, सगळ्यांनी एकाच कागदावर यावं लागतं. हे जुळलं नाही तर आई किंवा बाळ जातं.

ज्यांना झडपेचा आजार नाही अशा बाळंतिणींचंही सांगायला हवं. बाळंतपणानंतरच्या दिवसांत रक्ताचा गोठण्याकडे कल वाढलेला असतो. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा प्रकार आपल्या देशातल्या मेंदूरोगतज्ज्ञांनी ओल्या बाळंतिणींमध्ये वर्षानुवर्षं पाहिला आणि लिहून ठेवला आहे. अंगात पाणी कमी, रक्त कमी, त्यात हालचाल बंद. अजूनही काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल म्हणून. मग आठव्या-दहाव्या दिवशी डोकं ठणकतं, उलट्या होतात, झटके येतात, आणि घरात ‘बाहेरचं’ बघणारा बोलावला जातो. या ठणक्याला मेंदूच्या तपासणीची गरज असते आणि वेळेत उपचार झाले तर यातल्या बहुतेक जणी बऱ्या होऊन बाळाला घेऊन घरी जातात. बाळंतिणीला पोटभर पाणी द्या. हिंडू-फिरू द्या.

ग्रामीण रुग्णालयाला रक्त गोठण्याची भाषा नवी नाही, हेही इथे नोंदवावंसं वाटतं. मोसंबीच्या बागेत, उसात घोणस चावते तेव्हा तिच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. तेव्हा आपले डॉक्टर-सिस्टर काय करतात? स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं ताजं रक्त घेतात, २० मिनिटं नळी हलवत नाहीत, मग तिरकी करून बघतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर सापाच्या विषावरची लस लगेच. यंत्र नाही, वीज नाही, फक्त काच, घड्याळ आणि धीर. त्याच घोणसेचं विष पातळ करून मोठ्या प्रयोगशाळांत एक तपासणी केली जाते. वारंवार गर्भपात आणि वारंवार गुठळ्या होणाऱ्या बायांमधला एक विशिष्ट दोष तिच्यातून सापडतो. बांधावरच्या सापाचं विष गुठळीचं कारण शोधायला मदत करतं, याचं मला मनापासून आश्चर्य वाटत आलं आहे. सांगायचा मुद्दा हा की ज्या हातांना ती २० मिनिटांची नळी सांभाळता येते, त्यांना निळी नळीही सांभाळता येईल. रक्त इथे घ्यावं, आकडा इथे निघावा, आणि गोळीचा निर्णय शहरातल्या तज्ज्ञाने फोनवरून द्यावा, ही व्यवस्था अवघड नाही. बोटातून थेंबभर रक्त घेऊन आकडा सांगणारी छोटी यंत्रंही आता आहेत. त्यांच्या पट्ट्या महाग पडतात, पण महिन्याला बुडणारी एक मजुरी, गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाचा दिवस जोडून बघा.

आता नव्या गोळ्या आल्या आहेत, रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान, डॅबिगॅट्रान. त्यांना आकडा बघावा लागत नाही. पायातल्या-फुप्फुसातल्या गुठळीच्या पुष्कळ रुग्णांची त्यामुळे खरोखर सोय झाली. पण धातूच्या झडपेसाठी डॅबिगॅट्रान वापरून बघणारा अभ्यास मध्येच थांबवावा लागला, त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला: गुठळ्याही जास्त, रक्तस्रावही जास्त. २०२२ मध्ये २४ देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा ‘इन्व्हिक्टस’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. संधिवाताच्या तापाने हृदय बिघडलेल्या आणि ठोके बेताल झालेल्या या रुग्णांमध्ये रिव्हारोक्साबानपेक्षा जुन्या पद्धतीची गोळीच सरस ठरली, मृत्यू कमी झाले. असं का व्हावं याचं पूर्ण उत्तर त्या अभ्यासातून मिळालं नाही. एक तर्क असा मांडला गेला की जुन्या गोळीच्या रुग्णांना आकड्यासाठी वरचेवर यावं लागतं, त्या निमित्ताने कुणीतरी त्यांना बघतं, विचारतं. तर्कच आहे तो. पण वहिनीची वही उघडली की मला तो खरा वाटतो. महिन्याला एकदा कुणीतरी तिला विचारतं, धाप लागते का, हिरड्यांतून रक्त येतं का, पाळीला जास्त जातं का, गोळी चुकली का.

पुढच्या पानांत एका क्लिनिकची सगळी माणसं आपापल्या शब्दांत बोलतात. भाषा काही ठिकाणी ओबडधोबड आहे, ती तशीच ठेवली आहे. सफाई कामगार मावशींचा लेख चुकवू नका. चक्कर येऊन पडलेल्या रुग्णाच्या डोक्याला मार लागलाय आणि तो रक्त पातळ करण्याच्या गोळीवर आहे, हे सर्वांत आधी त्यांच्या ध्यानात आलं होतं.

पुस्तकाची शेवटची वीस पानं चार रकाने आखून कोरी ठेवली आहेत. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी ही गोळी घेत असेल तर आजच पहिल्या पानावर नाव, गोळीचं नाव, ती कशासाठी चालू आहे, आकडा किती ते किती ठेवायला सांगितलाय आणि फोन करायचा नंबर लिहा. गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी घ्या. चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका, फोन करून विचारा. डोक्याला मार लागला, शौच काळी झाली, बोलताना जीभ वळेना, किंवा झडपेची टकटक दबल्यासारखी वाटली तर सकाळची वाट बघू नका. दात काढायला जा, तापासाठी जा, गुडघ्यासाठी जा, कुठेही जा. खुर्चीत बसल्यावर आजार सांगायच्या आधी ही वही समोर ठेवा.